सरकारी इमारतींची देखभाल आणि बेदखल कारागीर

केंद्रीय मंत्रिमंडळाने २८ ऑक्टोबर २०२५ रोजी आठव्या वेतन आयोगाची कार्यकक्षा मंजूर केली. न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई यांच्या अध्यक्षतेखालील या आयोगाला शिफारशी सादर करण्यासाठी अठरा महिन्यांची मुदत देण्यात आली. त्यानंतर चोवीस दिवसांनी, २१ नोव्हेंबर २०२५ रोजी, चार कामगार संहिता देशभर अमलात आल्या. दोन्ही निर्णयांवर भरपूर चर्चा झाली. पहिल्यावर पगारदारांच्या अंगाने, तर दुसऱ्यावर कारखान्यांच्या अंगाने. परंतु शासकीय कार्यालये, रुग्णालये, विश्रामगृहे आणि वसाहती यांची वीज, पाणी, उद्वाहने व वातानुकूलन यंत्रणा चालू ठेवणारा एक मोठा कामगारवर्ग असा आहे की, पहिल्या निर्णयात त्याची गणना नाही आणि दुसऱ्या निर्णयाने त्याचे स्थान अधिकच अनिश्चित केले आहे. सरकारी इमारतींमधील दुर्घटनांची मालिका लक्षात घेता हा केवळ वेतनाचा प्रश्न उरत नाही.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या मराठी परिभाषेत या कारागिरांना वीजतंत्री, तारतंत्री, जोडारी, नळ कारागीर अशी नावे आहेत. प्रत्यक्षात कार्यालयातील मंडळी त्यांना ‘मेंटेनन्सवाला’ या एकाच नावाने ओळखतात. दिवा लागला, नळाला पाणी आले, उद्वाहन चालू राहिले, तर त्यांची आठवण होत नाही. आठवण होते ती बिघाड झाल्यावर, आणि बहुधा रागाने.

केंद्र सरकारच्या इमारतींची देखभाल मुख्यतः केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असते. १८५४ मध्ये स्थापन झालेल्या या विभागाचा कारभार दिल्लीप्रमाणेच मुंबई, नागपूर, कोलकाता, चेन्नई अशा शहरांतूनही चालतो. प्रत्येक मोठ्या वसाहतीत किंवा कार्यालयसंकुलात त्याचे एक सेवाकेंद्र असते. जुने रहिवासी त्याला अजूनही ‘एन्क्वायरी’च म्हणतात. पूर्वी तेथे जाड नोंदवहीत तक्रार लिहावी लागे, आता ती संगणकावर नोंदवली जाते. तक्रार स्थापत्याची की विजेची हे आधी ठरते, कारण विभागाच्या या दोन शाखा वेगळ्या आहेत. छतातून झिरपलेले पाणी दिव्याच्या जोडणीत उतरत असेल तर ती तक्रार नेमकी कोणत्या शाखेची, या प्रश्नावर किती दुपारी खर्ची पडल्या असतील, याची नोंद मात्र कोणत्याच वहीत नसते.

या कामाचे स्वरूप बाहेरून दिसते त्याहून वेगळे आहे. बिघाड दुरुस्त करणे हा त्याचा अर्धाच भाग झाला. उरलेला अर्धा भाग बिघाड होऊ न देण्याचा असून तो जवळजवळ अदृश्य असतो. मोठ्या शासकीय इमारतीला ११ हजार व्होल्टचा वीजपुरवठा येतो आणि इमारतीच्या उपकेंद्रातील रोहित्र तो वापरण्याजोग्या दाबावर आणते. रोहित्राच्या श्वसननलिकेतील सिलिका जेलचा निळा रंग गुलाबी झाला की, आत ओलावा जात आहे असे समजावे. उन्हाळ्यात अर्थिंगचे खड्डे कोरडे पडतात. त्यांत पाणी घातले नाही तर जमिनीचा रोध वाढतो आणि गळणारा प्रवाह सुरक्षितपणे जमिनीत उतरत नाही. मुख्य फलकातील नट कंपनाने आणि उष्णतेने सैल होतात. ते ठरावीक काळाने आवळावे लागतात. जनित्र आठवड्यातून एकदा तरी चालवून पाहावे लागते, अन्यथा ऐन वेळी बॅटरी उतरलेली आढळते. न्यूट्रलची जोडणी निसटली तर एका फेजवरील दाब एकाएकी वाढून मजल्यावरील संगणक एका फटक्यात जळतात. यांपैकी कोणतेही काम केल्यावर कोणी आभार मानत नाही, आणि ते राहून गेल्याचे त्या दिवशी कोणाच्या लक्षातही येत नाही.

याखेरीज प्रत्येक जुन्या इमारतीचे स्वतःचे असे एक ज्ञान असते. तिसऱ्या मजल्याचा पाणीपुरवठा बंद करणारी झडप प्रत्यक्षात दुसऱ्या मजल्यावरील कपाटामागे आहे. पूर्वेकडील भागाची केबल नकाशात दाखवली आहे तेथून न जाता, पंचवीस वर्षांपूर्वी बांधलेल्या सायकल स्टँडखालून जाते. अमुक खोलीतील दिवे शेजारच्या विंगेतील फलकावरून चालतात, म्हणून येथला स्विच बंद केला तरी तार जिवंतच राहते. नकाशे बहुतेक ठिकाणी मूळ बांधकामाच्या वेळचे असतात आणि नंतरचे फेरबदल त्यांवर क्वचितच चढवले जातात. म्हणजेच इमारतीचा खरा नकाशा तिथे वर्षानुवर्षे काम केलेल्या कारागिराच्या डोक्यात असतो. तो निवृत्त झाला आणि त्याच्या जागी कोणी तयार झाले नसेल, तर इमारतीची स्मृतीच जाते.

हा कारागीर सरकारच्या लेखी कोण असतो, याचा इतिहास त्याच्या पदनामांतच वाचायला मिळतो. इंग्रजी राजवटीपासून चालत आलेल्या पद्धतीनुसार त्याचा पगार आस्थापनेच्या खर्चात न धरता त्या त्या कामाच्या अंदाजपत्रकात धरला जाई. त्यावरून आलेल्या इंग्रजी संज्ञेचे शासकीय मराठीत ‘कार्यव्ययी आस्थापना’ असे भाषांतर झाले. वृत्तांचे भाषांतर करणाऱ्याला हा शब्द अडतो, कारण तो नेमका असूनही वाचकाला काहीच सांगत नाही. त्याच्याही खाली हजेरीपटावरील रोजंदार. हजेरीपटावर माणसे घेण्यास बंदी आली तेव्हा हातपावतीवरचे कामगार आले, आणि हातपावती अडचणीची ठरल्यावर कार्यादेशावरचे. ज्या कागदावर मजुरी मिळाली त्याच कागदाचे नाव माणसाला पडत गेले. कागद बदलला, तरी हातातील पान्हा आणि टेस्टर तेच राहिले.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर येथे एक वेगळी वाट निघाली होती. कालेलकर निवाड्यानुसार सार्वजनिक बांधकाम आणि पाटबंधारे या विभागांतील ज्या कार्यव्ययी व रोजंदारी कामगारांनी सलग पाच वर्षे सेवा केली, त्यांना ‘रूपांतरित अस्थायी आस्थापने’वर घेण्याची व्यवस्था झाली. ‘अस्थायी’ हा शब्द नावात कायम राहिला तरी त्या आधारावर कित्येकांनी उभा जन्म नोकरी केली आणि निवृत्तिवेतनही मिळवले. जिल्ह्याच्या ठिकाणच्या शासकीय विश्रामगृहांत आणि रुग्णालयांत ज्यांना सगळे ‘मिस्त्री’ किंवा ‘वायरमन मामा’ म्हणून ओळखत, त्या पिढीतील अनेकजण याच आस्थापनेतील होते. ती पिढी आता जवळपास संपली आहे.

न्यायालयांचा कल या काळात दोनदा बदलला. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागातील रोजंदारी कामगारांना नियमित कामगारांइतकेच वेतन द्यावे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९८६ मध्ये सुरिंदर सिंग यांच्या प्रकरणात दिला. केंद्र सरकारने त्याआधी, डिसेंबर १९७६ मध्ये अधिसूचना काढून केंद्रीय आस्थापनांच्या इमारतींची झाडलोट, सफाई व राखण ही कामे कंत्राटी कामगारांकडून करवून घेण्यास मनाई केली होती. कंत्राट पद्धत रद्द झाल्यावर कामगार मूळ मालकाच्या सेवेत सामावले जातात, असे न्यायालयाने १९९६ मध्ये म्हटले. परंतु ऑगस्ट २००१ मध्ये स्टील ऑथॉरिटीच्या प्रकरणात घटनापीठाने ती अधिसूचनाही रद्द केली आणि आपोआप सामावून घेण्याचा सिद्धांतही मोडीत काढला. एप्रिल २००६ मधील उमादेवी प्रकरणाच्या निकालाने नियमबाह्य मार्गाने आलेल्यांना कायम करण्याचे दार बहुतांशी बंद केले. त्याच सुमारास सहाव्या वेतन आयोगाच्या शिफारशींवरून ‘गट ड’ हा वर्गच मोडण्यात आला. नव्या भरतीची गरज उरली नाही, कारण कंत्राटदार होताच.

अलीकडच्या निकालांचा सूर पुन्हा बदललेला दिसतो. केंद्रीय जल आयोगाच्या कार्यालयात वर्षानुवर्षे सफाई आणि बागकाम करणाऱ्यांना २० डिसेंबर २०२४ रोजी जग्गो प्रकरणात न्यायमूर्ती विक्रम नाथ आणि न्यायमूर्ती प्रसन्न वराळे यांच्या खंडपीठाने सेवेत नियमित करण्याचा आदेश दिला. काम कायम स्वरूपाचे असताना माणूस मात्र तात्पुरता ठेवण्यासाठी उमादेवी निकालाची ढाल वापरता येणार नाही, असा त्याचा आशय आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये उत्तर प्रदेशातील एका आयोगाच्या रोजंदारी कर्मचाऱ्यांबाबतही न्यायालयाने याच दिशेने निर्णय दिला. मात्र या प्रकरणांतील कामगारांचा संबंध कार्यालयाशी थेट होता. कंत्राटदारामार्फत आलेल्या वीजतंत्र्याला त्यांचा लाभ सहजासहजी मिळणार नाही. मूळ मालक कोण, हे सिद्ध करण्यापासूनच त्याची लढाई सुरू होते.

पैशाची बाजूही पाहिली पाहिजे. आपल्या अर्थसंकल्पात कित्येक दशके ‘योजना’ आणि ‘योजनेतर’ असा भेद होता. नवी इमारत योजनेत मोडे, तिची देखभाल योजनेतर खर्चात. काटकसरीचा आदेश निघाला की पहिली कात्री योजनेतर खर्चाला लागत असे. हा भेद २०१७-१८ च्या अर्थसंकल्पापासून संपुष्टात आला. तथापि महसुली आणि भांडवली हा भेद कायम आहे आणि देखभाल महसुली खर्चातच पडते. नव्या इमारतीची कोनशिला बसते, फीत कापली जाते. गंजलेली जलवाहिनी बदलल्याचा समारंभ होत नाही. २५ जुलै २०२५ रोजी राजस्थानातील झालावाड जिल्ह्यात पिपलोदी येथील सरकारी शाळेच्या इमारतीचा भाग कोसळून सात मुले दगावली, तेव्हा राज्याराज्यांत जुन्या शाळांची पाहणी सुरू झाली. पाहणीला फार खर्च येत नाही. पाहणीत सापडलेल्या दोषांची दुरुस्ती मात्र पुन्हा त्याच महसुली शीर्षाखाली निधीची वाट पाहते.

रुग्णालयांत या दुर्लक्षाची किंमत सर्वाधिक मोजावी लागली आहे. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयातील नवजात बालकांच्या कक्षाला पहाटे आग लागली आणि दहा बालकांचा मृत्यू झाला. राज्यातील सर्व रुग्णालयांचे अग्निसुरक्षा परीक्षण करण्याचे आदेश निघाले. अवघ्या दहा महिन्यांनी, ६ नोव्हेंबर २०२१ रोजी, तेव्हाच्या अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाच्या आगीत अकरा रुग्ण दगावले. १५ नोव्हेंबर २०२४ च्या रात्री झाशीच्या महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालयात पुन्हा नवजात बालकांचाच कक्ष पेटला आणि दहा बालके तेथेच गेली. ५ ऑक्टोबर २०२५ च्या रात्री जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयाच्या ट्रॉमा केंद्रातील आगीने किमान सहा रुग्णांचा बळी घेतला.

अशा प्रत्येक वृत्तात ‘आगीचे प्राथमिक कारण शॉर्ट सर्किट असावे’ हे वाक्य येतेच. त्याचे भाषांतर करणे सोपे आहे. त्यावर विश्वास ठेवणे मात्र कठीण. शॉर्ट सर्किट ही घटनाक्रमातील शेवटची कडी होय. त्याआधी कोठेतरी जोड सैल असतो, तो महिनोन्‌महिने तापत राहतो, तारेचे आवरण ठिसूळ होते. किंवा मूळच्या दिव्या-पंख्यांसाठी टाकलेल्या तारांवर एकामागून एक वातानुकूलन यंत्रे चढवली जातात. वारंवार खटका पडतो म्हणून १६ अँपियरच्या एमसीबीच्या जागी ३२ अँपियरची बसवली जाते. तक्रार थांबते, सगळ्यांना बरे वाटते. परंतु तार तीच असते आणि आता तिला वाचवणारे कोणी उरत नाही. अतिदक्षता विभागात यंत्रे चोवीस तास चालतात, गाद्या आणि पडदे पेट घेणारे असतात आणि प्राणवायूचे प्रमाण हवेत वाढलेले असू शकते. एरवी काळवंडून विझणारी ठिणगी तेथे भडका उडवते.

येथे जबाबदारीच्या विभागणीचा प्रश्न येतो. जिल्हा रुग्णालयाची इमारत आणि भिंतीतील वायरिंग सार्वजनिक बांधकाम विभागाच्या विद्युत शाखेकडे असते. भिंतीवरच्या सॉकेटमध्ये जोडलेले वॉर्मर किंवा व्हेंटिलेटर आरोग्य विभागाचे, आणि त्याची दुरुस्ती बहुधा वेगळ्या कंपनीच्या कराराखाली. प्राणवायूची वाहिनी तिसऱ्याच्या ताब्यात. सॉकेटच्या पाठीमागे एक खाते आणि पुढे दुसरे, अशी ही सीमारेषा. सॉकेट गरम लागते हे परिचारिकेला हाताने कळते, पण ते कोणाला सांगायचे हे तिला ठाऊक नसते. पूर्वी ती आवारातच असलेल्या वायरमनला हाक मारत असे.

२१ एप्रिल २०२१ रोजी नाशिक महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीतून गळती झाली आणि पुरवठा खंडित झाल्याने वीसहून अधिक रुग्णांचा मृत्यू ओढवला. टाकी नवी होती, तिच्या देखभालीचे कंत्राट दिलेले होते. अशा वेळी कंत्राटात काय लिहिले होते यापेक्षा, गळतीच्या पहिल्या काही मिनिटांत झडपेजवळ प्रशिक्षित हात होता की नाही, याला महत्त्व असते. देखभालीचे मोल त्या काही मिनिटांत ठरते, आणि दुर्दैवाने तेवढ्यापुरतेच कळते.

आता वेतनाचा हिशेब पाहू. केंद्र सरकारने १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू केलेल्या दरांनुसार मोठ्या शहरांच्या ‘अ’ क्षेत्रात बांधकाम आदी कामांवरील अकुशल कामगारांचे किमान वेतन दिवसाला ७८३ रुपये आणि कुशल कामगारांचे ९५४ रुपये होते. महिन्याच्या सव्वीस दिवसांचे अनुक्रमे २०,३५८ आणि २४,८०४ रुपये होतात. त्याच वेळी केंद्र सरकारच्या सर्वांत खालच्या स्तरावरील नियमित कर्मचाऱ्याचे मूळ वेतन १८,००० रुपये, त्यावर ५३ टक्के महागाई भत्ता आणि मोठ्या शहरात ३० टक्के घरभाडे भत्ता धरला तर रक्कम ३२,९४० रुपये होते. म्हणजे प्रशिक्षण घेतलेला, परवानाधारक, ११ हजार व्होल्टच्या उपकेंद्रात रात्रपाळी करणारा कुशल कामगार, त्याच इमारतीतील नव्याने लागलेल्या सर्वांत कनिष्ठ कर्मचाऱ्यापेक्षा महिन्याला आठ हजारांहून अधिक रुपयांनी मागे राहतो. आणि हा फरक पहिल्या दिवसाचा आहे. नियमित कर्मचाऱ्याला दरवर्षी तीन टक्के वेतनवाढ मिळते; कंत्राटी कामगाराची वीस वर्षांची सेवा निविदा बदलली की शून्यावर येते. माणूस पुष्कळदा तोच राहतो, फक्त ओळखपत्रावरील कंपनी बदलते. बँकेत जमा झालेल्या वेतनातील काही रक्कम रोखीने परत मागितली जाते, अशी तक्रारही कामगार संघटना वर्षानुवर्षे करीत आल्या आहेत.

नव्या संहितांनी या स्थितीत काय फरक पडला? व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थितीविषयक संहितेने आस्थापनेच्या ‘गाभ्याच्या कामात’ कंत्राटी कामगार लावण्यास मनाई केली आहे. हे ऐकायला चांगले वाटते. मात्र गाभ्याच्या कामाची व्याख्या करताना सफाई, राखण, उपाहारगृह, बागकाम यांच्याबरोबर स्थापत्य व इतर बांधकामे आणि त्यांची देखभालही वगळण्यात आली आहे. कार्यालय चालवणे हा गाभा, ते कार्यालय ज्या इमारतीत चालते ती उभी ठेवणे हा गाभा नाही, असा याचा अर्थ. रुग्णालयाच्या बाबतीत हा तर्क लावला की तो किती दुबळा आहे हे लगेच दिसते. शिवाय कंत्राटी कामगारांविषयीच्या तरतुदी लागू होण्याची मर्यादा वीस कामगारांवरून पन्नासवर नेण्यात आली. एखाद्या जिल्हास्तरीय इमारतीच्या देखभालीवर पन्नास माणसे क्वचितच असतात. दुसऱ्या बाजूला, नियुक्तिपत्र देणे आणि ठरावीक वयावरील कामगारांची वार्षिक आरोग्य तपासणी या तरतुदी स्वागतार्ह आहेत. हातात नियुक्तिपत्र असणे ही या क्षेत्रात लहान गोष्ट नव्हे.

महाराष्ट्रात हा विषय सप्टेंबर २०२३ मध्ये ऐरणीवर आला होता. कुशल, अर्धकुशल आणि अकुशल मनुष्यबळ नऊ खासगी संस्थांमार्फत घेण्याचा शासन निर्णय निघाला, त्याविरुद्ध तरुणांत असंतोष उसळला आणि २० ऑक्टोबर २०२३ रोजी तत्कालीन उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तो रद्द केल्याचे जाहीर केले. त्या वादात स्पर्धा परीक्षांच्या उमेदवारांचा आवाज मोठा होता आणि तो रास्तही होता. रुग्णालयाच्या उपकेंद्रात आधीपासूनच कंत्राटावर असलेल्यांची स्थिती मात्र त्या रद्द झालेल्या निर्णयाने बदलली नाही.

जुनी व्यवस्था निर्दोष होती, असे कोणी म्हणणार नाही. नळ दुरुस्तीची तक्रार नोंदवून आठ-आठ दिवस वाट पाहणारे, कामाच्या वेळी खासगी कामांवर गेलेले मिस्त्री शोधणारे रहिवासी सरकारी वसाहतींत भरपूर सापडत. आजची उद्वाहने, अग्निसूचक यंत्रणा आणि केंद्रीय वातानुकूलन यांना उत्पादक कंपनीच्या तंत्रज्ञाशिवाय गत्यंतर नाही, हेही खरे. ६ ऑगस्ट २०२५ रोजी दिल्लीत उद्‍घाटन झालेल्या कर्तव्य भवन-३ सारख्या नव्या इमारतींत वीज व हवा यांचे नियंत्रण संगणकीय प्रणालीने होते. १९५० ते १९७० च्या दरम्यान बांधलेल्या शास्त्री भवन, कृषी भवन, निर्माण भवन या जुन्या इमारतींतील पद्धती तेथे चालणार नाही. परंतु पडद्यावर सूचना उमटली तरी गच्चीवर जाऊन झडप फिरवणारा माणूस लागतोच. आणि देशातील बहुसंख्य सरकारी इमारती कर्तव्य भवनासारख्या नाहीत. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात संगणकीय प्रणाली नसते, तेथे सरकलेल्या कौलाखालची मीटरपेटी असते.

तेव्हा सर्वांना कायम करा किंवा सर्व काही कंत्राटावर द्या, या दोन टोकांत अडकण्याचे कारण नाही. रुग्णालये, शाळा आणि वसतिगृहे अशा जिथे जीव गुंतलेले आहेत त्या इमारतींत किमान एक वीजतंत्री आणि एक नळ कारागीर सेवेत नियमित असावा, ही अपेक्षा अवाजवी नाही. उरलेल्या कामांचे कंत्राट देताना आधीच्या कामगारांना सेवाज्येष्ठतेसह पुढे घेण्याची अट निविदेत घालता येते. त्याला नवा कायदा लागत नाही. नोंदवही, मोजमापे आणि फेरबदलांचे नकाशे कंत्राटदाराबरोबर न जाता इमारतीत राहिले पाहिजेत. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपल्याच प्रवेशद्वाराबाहेरील गटार माणसांकडून हाताने साफ करवून घेतल्याबद्दल दिल्लीच्या सार्वजनिक बांधकाम विभागाला पाच लाख रुपये भरण्यास सांगितले, त्यावरून काम सोपवले तरी जबाबदारी सोपवता येत नाही, एवढे स्पष्ट व्हावे.

यांत आणखी एक बाब आहे आणि ती कोणत्याही निविदेत लिहिलेली नसते. धोकादायक वाटलेला पुरवठा बंद करण्याचा आणि ‘या तारेवर आणखी एक वातानुकूलन यंत्र बसणार नाही’ असे सांगण्याचा अधिकार कारागिराला हवा. सेवेत कायम असलेला वायरमन वरिष्ठ अधिकाऱ्याला हे सांगू शकत असे; कधी कटकट म्हणून, कधी हट्टाने, पण सांगत असे. दर महिन्याच्या हजेरीवर सही मिळवण्यासाठी त्याच अधिकाऱ्याच्या कार्यालयात ताटकळणारा कंत्राटी कामगार ते सांगणार नाही. तो यंत्र बसवून देईल आणि मोठ्या क्षमतेची एमसीबीही.

आठव्या वेतन आयोगाच्या मुदतीचे अठरा महिने मे २०२७ च्या सुमारास पूर्ण होतात. देखभालीची बहुतेक कंत्राटे एक ते दोन वर्षांची असतात, हे पाहता आयोगाचा अहवाल येईल तेव्हा अनेक सरकारी रुग्णालयांच्या उपकेंद्रांत वेगळ्या कंपनीचा गणवेश दिसेल.